दुधाची साक्ष

मन्नाना जिरं निवडत उभी होती, तेवढ्यात बाजाराच्या टोकाकडून आरोळी आली, "तोंडं खाली!" आणि सगळे पुरुष जिथल्या तिथे पालथे पडले. जिरेवाला तर हातातल्या तराजूसकट आडवा झाला. सुलतानाचा जनाना रस्त्याने जात असला की पुरुषाच्या नजरेला जमिनीखेरीज दुसरं काही दिसता कामा नये, हा मेकनास शहराचा नेम. बायकांना तो लागू नाही. बाईने बाईकडे बघितलं तर सुलतानाचं काय जाणार, असा त्यामागचा विचार असावा. एवढ्या मोठ्या राज्याच्या धन्याला बायकांबद्दल एवढंच कळत होतं. तर बाजारभर पाठीच पाठी पसरलेल्या, मधूनमधून तिच्यासारख्या चारदोन बायका खांबासारख्या उभ्या, आणि समोरून खेचरांची रांग चाललेली. मन्नाना बघत राहिली. तिसऱ्या की चौथ्या खेचरावरची बाई एक खांदा वर काढून बसली होती, जणू त्या खांद्यावर अजून कुणाचं तरी पोर झोपलंय. तो खांदा मन्नानाने ओळखला. खेचरावरच्या बाईनेही मान वळवली. वाकून, हलक्या आवाजात, पण त्या शांततेत अगदी स्पष्ट ती म्हणाली, "मन्नाना? अगं, तूच ना? सुटले गं मी. येते दोन दिवसांत, माझी लेक बघायला." हाकणाऱ्या खोजाने खेचराला टोचलं आणि यामना पुढे गेली. मागाहून पुरुष उठले, कपडे झटकू लागले. जिरेवाल्याने जिभेवरची माती थुंकून डोळे मिचकावले. "काय मावशी, काय काय दिसलं? आम्ही आपले बघतो मुंग्या." "खेचरं," मन्नाना म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरी दिसत होती." आणि जिरं न घेताच निघाली.

माझी लेक. हे दोन शब्द तिच्या पायांत घोटाळत राहिले. तशी ती यामनाचीच लेक. नाही कोण म्हणतंय? यामनाने तिला जन्म दिला, नाव दिलं शामा, आणि तिला पुरतं हसूही फुटलं नव्हतं तेव्हा मन्नानाच्या मांडीवर ठेवून ती निघून गेली. सतरा वर्षं झाली. त्या वसंतात गल्लीत दोघी बाळंत झाल्या होत्या. मन्नानाचीही मुलगीच. मग तापाची साथ आली आणि मन्नानाची मुलगी चाळिसावा दिवसही न येता गेली. पोर गेलं तरी दूध जात नाही. सदऱ्याला दोन ओले डाग घेऊन ती दिवसभर दारात बसायची. अशात महालातून तीन बायका आल्या. सुलतानाला मुलगा झाला होता, आणि त्याला दाई हवी होती. सुलतान दोनच गोष्टी मोजत नाही, मुलं आणि विटा, असं गल्लीत म्हणत. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मन्नानाला पुढे केलं. पोर नाही, दूध आहे, अजून काय पाहिजे? महालातल्या सुईणीने तिच्या दुधाचा थेंब स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर घेतला आणि नख तिरकं केलं. थेंब ओघळला. "पातळ," सुईण म्हणाली आणि नख मन्नानाच्याच सदऱ्याला पुसलं. मग यामनाचा थेंब घेतला. तो नखावर मोत्यासारखा बसून राहिला. एवढ्यावर सगळं ठरलं. राजाच्या मुलाचं दूध वाटून घ्यायचं नाही, म्हणून यामनाचं पोर मागे राहिलं, आणि ते कुणी पाजायचं? जिचं पातळ, तिने.

त्या दिवसापासून तो 'पातळ' शब्द मन्नानाने कुठे ठेवला असेल तो असो, पण टाकून मात्र दिला नाही. रात्रीबेरात्री शामा लुचायला लागली की ती मनाशी म्हणायची, पी बाई, पातळ आहे, पण तुझंच आहे. पोर बाळसं धरत गेलं. तिच्या मांड्यांना वळ्या पडल्या तेव्हा मन्नाना तिला उचलून गल्लीभर मिरवली, वाटेत कुणी भेटलं की उगाचच म्हणायची, "बघा, पातळ दुधावरची आहे हं." यामनाकडून दर ईदेला साखरेची एक ढेप यायची. मन्नानाने ती शामाला कधी चाखू दिली नाही. दात किडतात, म्हणायची. ढेप शेजारीपाजारी वाटून टाकायची आणि यामनाबद्दल चार गोड शब्द ऐकून घ्यायची. शेवटी तेही सोसेना, तेव्हा ढेप परसात मुंग्यांना घालू लागली. मत्सरात बाई कंजूष नसते.

तिचा नवरा हम्मू सुलतानाच्या भिंतीवर कामाला होता. लाकडी चौकटीत चुना-माती ओतायची आणि दहाबारा जणांनी ओळीने उभं राहून, गाणी म्हणत धुमसाने ठोकायची. सकाळी भिंत, संध्याकाळी भिंत. एक भिंत झाली की तिच्या आत दुसरी. मुलूख एवढा शांत झाला होता की एकटी बाई वाळवंटापर्यंत जाऊन आली तरी कुणी हटकणार नाही, असं सांगायचे. मग या भिंती कुणाला अडवायला? तिने एकदा हम्मूला विचारलं होतं. तो पांढऱ्या भुवयांतला चुना पुसत म्हणाला होता, "अगं, शत्रूसाठी नाहीत त्या. त्याला वाटतं, आपलं जे आहे ते कुणी नुसतं बघितलं तरी तेवढं कमी होतं." हम्मू हसला होता. मन्नाना हसली नाही. तिला तेव्हा सुलतान एकदम आपल्या नात्यातला वाटला होता. त्या अवाढव्य माणसाला घोडे, तोफा, शेकडो बायका, आणि तरी जीव टांगणीला. तिच्याकडे एकच पोर. फरक एवढाच, की तिच्याजवळ चुना नव्हता. पुढे हम्मू चौकटीवरून पडून गेला, आणि मन्नाना आणि शामा दोघीच उरल्या. खरं सांगायचं तर, रडं ओसरल्यावर घर तिला हवं तेवढ्या मापाचं झालं होतं.

यामना दोन दिवसांनी आली. अंगाने सुटलेली, हातांना कोपरापर्यंत मेंदी, आणि आल्याबरोबर दारातच खाली बसून रडायला लागली. मन्नानाला वाटलं होतं ती मिरवत येईल. मिरवत आली असती तर सोपं होतं, चार टोमणे मारून मोकळं होता आलं असतं. पण ती रडत म्हणाली, "मन्नाना, तुझे पाय धुऊन पाणी प्यायले तरी फिटणार नाही." "पाणी विहिरीचं आहे, हवं तेवढं पी," मन्नाना म्हणाली. शामा भिंतीला टेकून उभी होती. यामनाने तिला हाताने जवळ बोलावलं, ती आली नाही. मन्नानाला इतकं बरं वाटलं की तिने उठून यामनासाठी बदाम काढले.

पण यामना येत राहिली. कधी नारिंगाच्या फुलांचं पाणी, कधी मऊ पिवळ्या चपला, कधी महालातल्या गोष्टी. आत एक बाग आहे तिथे शहामृग फिरतात. एका राणीने दुसरीच्या सुरम्यात मिरी घातली. लहानग्या राजपुत्राला दात आला तेव्हा त्याने चावा घेतला आणि यामना ओरडली, तर पहारेकरी तलवारी काढून आत धावले. शामा आधी दारात उभी राहून ऐकायची, मग उंबऱ्यावर बसून, मग चटईवर. मन्नाना मसूर निवडत सगळं बघत होती. मुलीचं हसणं तिला ओळखू येईना. इतकं मोठ्याने हसते ही? माझ्यासमोर कधी हसली नाही ती. की मीच कधी हसण्यासारखं बोलले नाही? सतरा वर्षं मी हिला बोलले ते काय, केस बांध, पीठ मळ, उन्हात जाऊ नकोस. काम करणाऱ्या माणसाकडे गोष्टी नसतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा येतो, डोक्यावर मण्याऐवजी गोष्टी घेऊन.

मग अल्लालचं निघालं. अल्लाल गल्लीच्या तोंडाशी गाढवांची खोगिरं शिवायचा. त्याची आई त्याच तापाच्या साथीत गेली. तेव्हा तो नुकता पाऊल टाकायला लागला होता. म्हाताऱ्या बापाने त्याला वाढवला. पोरगा हसरा, दाभणासारख्या जिभेचा. मन्नाना जाताना दिसली की म्हणायचा, "मावशी, तुमचंही माप घेऊन ठेवू का? ओझं फार वाहता." ती म्हणायची, "आधी स्वतःच्या तोंडाला एक शिव." त्याचं लक्ष शामाकडे आहे आणि शामाचं त्याच्याकडे, हे तिला वर्षभर माहीत होतं आणि चालतही होतं. गच्चीवरची खोली रिकामी होती. दोघं वर राहतील, मी खाली. आवाज येत राहील. तिने मनातल्या मनात खोलीला चुनासुद्धा काढला होता. पण बोलणी करायला आता खरी आई होती. यामनाने एका बैठकीत सगळं उरकलं. राजपुत्राने दाईआईला आतल्या, तिसऱ्या भिंतीपलीकडे घर दिलं होतं. अल्लालला त्याच्या तबेल्यात खोगिरांचं काम. दोघं तिथेच राहणार. "आणि तू येत जा ना ईदेला," यामना म्हणाली. "निरोप धाडला की फाटक उघडतात."

निरोप धाडला की. मन्नानाने मान डोलावली. तिसऱ्या भिंतीच्या आत गेलेली माणसं कशी बाहेर येतात ते तिने पाहिलं होतं. सतरा वर्षांनी, खेचरावरून. तरीही तिने काही ठरवलं नव्हतं. हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती भाजी चिरत होती, दळत होती, लग्नाचे उसासे इतर बाया टाकतात तसे टाकत होती. मग एके दिवशी दुपारी ती भट्टीवरून भाकऱ्या घेऊन घरी आली, तर अंगणात शामा यामनाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं. यामना तिच्या केसांतून बोटं फिरवत होती, आणि मन्नानाला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं, हळू, उठेल. माझ्या अंगणात. मी पाजलेल्या पोरीला उठवू नको म्हणून मला सांगते. गरम भाकऱ्यांनी हात भाजत होता तरी मन्नाना कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. तिच्या छातीत, जिथून दूध आटून युगं लोटली होती तिथे, काहीतरी पुन्हा भरून आल्यासारखं दुखलं. ते काही प्रेम नव्हतं. निदान नुसतं प्रेम नव्हतं.

साखरपुड्याला काझी आला. अंगणात चटया पसरल्या होत्या, अल्लालचा बाप धुतलेल्या झग्यात अवघडून बसला होता, बायका पडद्याआड. काझीने खजूर तोंडात घोळवत नेहमीचा प्रश्न विचारला, जो विचारायचा म्हणून विचारतात. "या दोघांत रक्ताचं, दुधाचं काही नातं नाही ना?" "नाही, नाही," सगळे एका सुरात म्हणाले. आणि त्या सुरात एक आवाज वेगळा लागला. "आहे." आवाज आपला आहे हे मन्नानाला इतरांच्या मानांवरून कळलं.

काझीने बी थुंकली. "काय आहे, बाई?"

"दुधाचं. मी अल्लालला पाजलंय."

"कधी?"

"तापाच्या साथीत. त्याची आई भाजत होती अंगाने. पोर रडून निळं पडलेलं. घेतलं मी मांडीवर. शामाही तेव्हा माझ्याच अंगावर होती."

"किती वेळा?"

"दोनदा. तीनदाही असेल."

"एकदा पुरतं," काझी म्हणाला. "एक घोट पोटात गेला तरी भाऊबहीण झाली, मग निकाह नाही. बाई, नीट आठव. आजवर बोलली नाहीस?"

"विसरले होते. तेव्हा माझंच पोर गेलं होतं, काझीसाहेब. कुणाला घेतलं, कुणाला ठेवलं, शुद्ध कुठे होती?"

हे शेवटचं खरं होतं, आणि खऱ्याच्या आधाराने बाकीचंही उभं राहिलं. काझीने म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा अल्लालकडे बघायचं टाळत म्हणाला, "असेल बाबा. त्या दिवसांत कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर होतं, काय सांगू? मी मढी वाहत होतो." मग सगळे पडद्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला लागले, यामना काय म्हणते म्हणून. मन्नानालाही तेच बघायचं होतं. यामनाला माहीत होतं, हे खोटं आहे. ती साथ ओसरल्यावर महालात गेली होती. अल्लालची आई गेली तेव्हा पोराला घेऊन कोण बसलं होतं आणि कोण दारात डाग सुकवत बसलं होतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तिने तोंड उघडलं. आणि मिटलं. यामनाचं घर, मान, राजपुत्राने तिच्या हाताचं घेतलेलं चुंबन, सगळं एका गोष्टीवर उभं होतं, की पाजणारीने म्हणावं पाजलं आणि जगाने मान तुकवावी. दुधाच्या शब्दावर संशय घ्यायला ती या शहरातली शेवटची बाई होती. "ती म्हणते म्हणजे खरंच असणार," यामना म्हणाली. काझीने हात झटकले. चटया गुंडाळल्या गेल्या. शामा आत होती. आतून काही आवाज आला नाही, रडण्याचाही नाही.

यामना जाताना उंबऱ्याशी थांबली. "तुझं दूध पातळ होतं गं मन्नाना," ती म्हणाली, "पण कुठवर ओघळलं बघ." तिने शामाला बरोबर चल म्हणून विचारलं होतं. शामा नको म्हणाली. लग्नाशिवाय त्या भिंतीत जाऊन मी काय करू, म्हणाली. म्हणजे पोर राहिली. मन्नाना जिंकली होती. त्या रात्री तिने दोघींपुरतं सार केलं, त्यात हाताला येईल ते चांगलं सगळं घातलं, आणि शामाने ते संपवून वाटी विसळून ठेवली.

पहिल्या शुक्रवारी दार वाजलं नाही. नुसतं उघडलं. अल्लाल आत आला, चपला काढल्या, मन्नानापुढे वाकून त्याने तिच्या हाताला ओठ लावले. "आई," तो म्हणाला. "दूध पाजलंस आणि मी इतकी वर्षं मावशी म्हणत राहिलो. माफ कर." ती त्याच्या चेहऱ्यात थट्टा शोधत राहिली. ती नेहमी तिथे असायची. आज नव्हती. शामाने त्याला पाहून सवयीने ओढणी पुढे ओढली, मग तिचा हात थांबला. भावासमोर कसला पडदा? तिने ओढणी सावकाश डोक्यावरून काढली आणि घडी करून बाजूला ठेवली. एवढे लांब केस आहेत हे अल्लालला माहीत नसावं. तो बघत होता, आणि त्याला बघायला कुणाची मनाई नव्हती. आठ दिवसांपूर्वी त्याने या एका क्षणासाठी काय दिलं नसतं! मन्नाना उठली, वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसाची परात मधे ठेवली, आणि तिघांनी एकाच परातीत जेवायला घेतलं. अल्लाल आपल्या बाजूचे मऊ भोपळ्याचे तुकडे शामाच्या बाजूला लोटत होता. भाऊही लोटतात. मन्नानाचा घास तोंडात फिरत राहिला.

गल्लीने तिचं कौतुक केलं. "नशीब काढलंस मन्नाना, एका घोटात हाताशी आलेला मुलगा मिळाला." हिवाळ्यात अल्लालचा म्हातारा बाप गेला, तेव्हा शामाच म्हणाली, "वरची खोली रिकामी आहे ना आई? तुझा मुलगा असून त्याने एकट्याने का राहावं?" तिने 'तुझा मुलगा' असं म्हटलं, साधं, सरळ बघत. अल्लाल दाभणं आणि पेंढा घेऊन वर राहायला आला. खोलीला चुना दोघांनी मिळून काढला. शामाला दोन स्थळं आली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "मला कशाला हवंय लग्न? भाऊ आहे, तो सांभाळील." अल्लालही मुली बघायला तयार होईना. "बहीण एकटी पडेल," म्हणायचा. बायका डोळे पुसायच्या. म्हणायच्या, सख्ख्यांतसुद्धा एवढी माया नसते.

मन्नानाला माहीत होतं, नसते. यामना सोडली तर आख्ख्या मेकनासमध्ये तिला एकटीलाच माहीत होतं की वरच्या खोलीत बसलेला बाप्या त्या मुलीचा कुणी नाही. काझीला माहीत नाही, गल्लीला माहीत नाही; यामना भिंतींच्या आत. आणि ही दोघं? यांना माहीत आहे? त्यांनी एकमेकांना कधी विचारलं असेल? की विश्वास ठेवलाय त्यांनी माझ्यावर, आणि खरोखर मुकाट्याने भाऊबहीण होऊन बसलीत? यातलं कोणतं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना. ती हमामला न्हायला जायची बंद झाली, तेवढ्या वेळात घरी दोघंच राहतील म्हणून. भट्टीवर भाकऱ्या शेजारणीबरोबर धाडू लागली. दोन वेळा ती काझीच्या दारापर्यंत जाऊन आली. खोटं बोलले म्हणावं, आणि मोकळं व्हावं. पण मग लोक विचारतील, कोणत्या वेळी खोटं? शामाला तरी पाजलंस कशावरून? आणि समजा विश्वास ठेवला, तर लग्न लागेल, खेचर येईल, फाटक उघडेल, आणि मिटेल. ती दोन्ही वेळा दारातून परतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात अजून दाखवलेलाच होता, मागे घेता येत नव्हता.

एका दुपारी ती अंगणात जात्याशी बसली होती. गच्चीवर दोघं गहू वाळत घालत होती. वरून शामाचं हसणं आलं, ते मोठं हसणं, जे यामनाच्या गोष्टींना यायचं. मग हसणं थांबलं. मग काहीच नाही. मन्नानाने जात्याचा खुंटा सोडला. गुडघे धरून ती जिना चढली, मधल्या पायरीवर दम खाल्ला, कान दिला, पुन्हा चढली. दोघं गव्हाच्या चादरीच्या एकाच कडेला बसली होती. हातभर अंतर होतं. शामाचे केस मोकळे होते आणि त्यांत पेंढ्याची एक काडी अडकली होती. अल्लाल तिच्याकडे बघत नव्हता. तीही त्याच्याकडे बघत नव्हती. इतकं न बघणं मन्नानाने कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे बघायचं असं कुणी आयुष्यात कधी टाळलं नव्हतं, हे तिला त्या उन्हात समजलं, आणि तिला त्या हातभर जागेचा हेवा वाटला.

"आई, एवढ्या उन्हात कशाला चढलीस?" अल्लाल उठत म्हणाला.

"गहू बघायला."

"ये, बस," शामा म्हणाली. ती एका बाजूला सरकली, तो दुसऱ्या बाजूला सरकला, आणि दोघांनी मधली जागा हाताने झाडून साफ केली. मन्नाना त्यांच्या मधे बसली. गहू वाळायला अजून वेळ होता, आणि तिला तिथून उठता येणार नव्हतं, आजही नाही आणि पुढेही नाही.